वासांची मोजदाद

फुलाचा फोटो निघतो. फूल कागदात दाबून वाळवलं, तर शंभर वर्षांनीही कुणी त्याची पाकळी पट्टीनं मोजू शकतं. मुंबईत झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची कपाटं, इथं सह्याद्रीतली फुलं थप्प्यांनी ठेवलेली आहेत. कुणी, कुठं, कधी खुडलं त्या चिठ्ठीसकट. लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांचा नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा १९९१चा ग्रंथ अशाच वाळल्या नगांच्या आधारानं उभा आहे. या सगळ्या ऐवजात वास मात्र नाही. वाळताना तोच आधी उडतो.

म्हणून नाहीशा होत चाललेल्या गोष्टींची ही यादी फुलांची नाही. फुलांनी जी द्रव्यं बनवली त्यांची आहे, आणि ती ज्यांच्यासाठी किंवा ज्यांच्याविरुद्ध बनवली त्यांचीही. वास, खाज, आंब, विष, रंग. देवळाली कॅम्पात बसून नाकाजिभेला जेवढं कळलं आणि वाचून जेवढं समजलं, तेवढंच इथं आहे.

कुरण.

लॅम रोड, हौसन रोड, दुकानं, सॅनिटोरियमं, हवापालटाला येणाऱ्यांचे जुने बंगले, एवढं ओलांडलं की तोफखान्याच्या सरावाचं रान लागतं. बहुल्याचा किल्ला त्याच हद्दीत. सराव असेल तेव्हा तिकडं फिरकायचं नसतं. आवाज मात्र कॅम्पभर घरात बसून ऐकू येतो. नाशिकभोवतीचा गवताळ माळ कुठं प्लॉट पडून, कुठं द्राक्षबाग होऊन, कुठं गोदाम उभं राहून आटला. इथला टिकला तो तोफगोळ्यांच्या धाकानं. निसर्गावरच्या प्रेमाला त्याचं श्रेय देण्याचं कारण नाही. श्रावणात त्या गवतात सोनकी, कवळा, आभाळी उमलते. दिवाळीनंतर कुसळं पायजम्याला टोचतात. दुर्मीळ असं तिथं फारसं काही डोळ्यांत भरत नाही. पण दुर्मीळ फुलांना जी जमीन लागते, म्हणजे मोकळी, उथळ मातीची, झाडाची सावली नसलेली, ती कशी असते हे पाहायला लांब जावं लागत नाही.

पहिल्या पावसाचा वास या यादीतून वगळला आहे. तो मुख्यतः वनस्पतीचा नाही, मातीतल्या जिवाणूंचा आहे. शिवाय त्याला कसलाही धोका नाही. कवींनी त्याची पुरेशी काळजी घेतली आहे.

रोशा.

हेही फूल नव्हे, गवत. पण पुढच्या नोंदीसाठी त्याची गाठ पडणं गरजेचं आहे. नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूला, खानदेशाच्या डोंगरउतारांवर रोशा गवत माजायचं. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावून त्याचा अर्क काढायचा. मोतिया जातीच्या रोशाचं तेल उंची, सोफियाचं हलकं. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानला जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. भेसळच ती, पण रसायनशास्त्राच्या हिशेबानं फार खोटी नव्हे. गुलाबाच्या वासातला एक मोठा वाटा जिरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा, आणि मोतिया रोशाच्या तेलात तर बहुतांश तेच. म्हणजे इस्तंबूलच्या हमामात कुणी गुलाब म्हणून जो वास छातीभर घेत होतं, त्यात खानदेशातल्या भिल्लांनी कापलेलं गवत होतं.

हेच जिरॅनिऑल मधमाशीच्या पोटाच्या शेवटाशी असलेल्या एका ग्रंथीतही असतं. कामकरी माशी ते हवेत सोडून सोबतिणींना बोलावते. गुलाब, गवत, माशी, तिघांनी आपापल्या वाटेनं एकच रेणू गाठला. चौथं गिऱ्हाईक पुढं येतं.

शेवळं.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्र्यंबक, घोटी, पेठ या बाजूच्या बायका जुड्या घेऊन बाजारात बसतात. जमिनीतून एकच जांभळट-तपकिरी कोंब वर आलेला, पान अजून फुटायचं आहे. हा कोंब म्हणजे न उमललेला फुलोरा. सुरणाच्या गोतातली ही वनस्पती पश्चिम घाटाच्या आसपासच होते, जगात दुसरीकडं नाही. आपण एक प्रदेशनिष्ठ रानफूल कळी असतानाच खोबऱ्याच्या वाटणात शिजवून खातो आहोत, हे भाजीवालीला सांगितलं तर ती म्हणेल, खा की, वर्षातून एकदाच येतं.

शेवळ्यानं आपल्या बचावासाठी कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया करून ठेवल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या खरोखरच सुयांच्या गड्डीसारख्या दिसतात. कच्चं चावलं तर जीभ, घसा सोलून निघतो. घरच्या बायकांनी यावर तोड काढली ती अशी : आतला पिवळसर दाणेदार भाग (म्हणजे प्रत्यक्ष फुलं) काढून टाकायचा, उरलेलं चिरून चांगलं शिजवायचं आणि त्यात काकडाची आंबट फळं घालायची. काकड म्हणजे रानातल्या त्याच नावाच्या झाडाची हिरवी बोरांएवढी फळं. तीही त्याच आठवड्यात तयार होतात आणि त्याच टोपलीत विकायला असतात. काकड नसेल तर चिंच किंवा आमसूल. पण जुन्या बायका चिंचेला नाक मुरडतात.

इथं नाहीसं होतंय ते शेवळं नव्हे. कंद जमिनीत राहतो, खुडलेला कोंब पुढच्या साली पुन्हा येतो, निदान काही वर्षं. जातंय ते काकड. त्याचं झाड तोडलं गेलं की टोपलीतली जोडी मोडते. काकड नाही म्हणून शेवळं नको, असं म्हणणारं गिऱ्हाईक कॅम्पातल्या बाजारात भेटतं, आणि मला ते रास्त वाटतं.

शेवळ्याची दुसरी बाजू स्वयंपाकघरात कधीच पोचत नाही. तो कोंब खुडला नाही तर उमलतो आणि कुजल्या मांसासारखी घाण सोडतो. या गणातल्या कित्येक फुलांचा वास तपासला गेला आहे. त्यांत गंधकाची संयुगं निघाली, सडत्या मढ्यातून निघतात तीच. मढ्यावर अंडी घालणारे कीटक फसून येतात आणि पराग इकडचा तिकडं करून जातात. ज्यांनी वर्षानुवर्षं शेवळं खाल्लं त्यांतल्या बहुतेकांनी उमललेलं शेवळं हुंगलेलं नसतं. बरंच आहे, भाजी खपली नसती.

कंदीलपुष्प.

या नोंदीवर जरा थांबायचं आहे.

अंजनेरी कॅम्पापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर, त्र्यंबक रस्त्याला. सव्वाचार हजार फुटांच्या आसपास उंची, माथा सपाट, वर तळं आणि अंजनीमातेचं देऊळ. हनुमानाचा जन्म इथला की कर्नाटकातल्या किष्किंधेचा, यावर २०२२ साली नाशकात साधुमहंतांचा शास्त्रार्थ भरला आणि तो हातघाईवर आला. एका फुलाच्या जन्मस्थानाबद्दल मात्र तसा वाद नाही. मालपुरे, कांबळे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव यांनी २००६ मध्ये इथल्या कंदीलपुष्पाची नवी जात म्हणून नोंद केली, तिला नाव दिलं सेरोपेजिया अंजनेरिका. इतर बहुतेक कंदीलपुष्पं वेलासारखी चढतात. ही सरळ उभी राहते, गवताच्या उंचीत मिसळून. फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात. बाकीचे महिने सगळा कारभार जमिनीखालच्या कंदात.

फुलाची रचना अशी : खाली फुगीर बुडखा, वर अरुंद नळी, टोकाला पाकळ्या एकत्र येऊन जाळीदार टोपी. कुणी कंदील म्हणतं, कुणी खर्पुडी. जातीजातीला वेगळी गावठी नावं आहेत. बारीक माशी वासानं टोपीवर येते, घसरते, नळीतून बुडख्यात जाते. नळीच्या आतले केस खालच्या बाजूला झुकलेले, त्यामुळं उतरता येतं, चढता येत नाही. माशी आत अडकते. धडपडीत तिच्या सोंडेला परागांची पिशवी चिकटते. पुढं केस सुकून लुळे पडतात, फूल कलतं, माशी सुटते आणि तोच मूर्खपणा पुन्हा दुसऱ्या फुलात करते. तिनं तो पुन्हा केला तरच बी धरतं. बहुतेक फुलं तशीच गळतात.

माशी कशाला येते? तिथं मध नाही म्हणावा इतका थोडा, कुजकंही काही नाही. याचं एक चोख उत्तर २०१६ मध्ये मिळालं, पण आपल्या फुलाबद्दल नव्हे, दक्षिण आफ्रिकेकडच्या सेरोपेजिया सँडरसोनाय या जातीबद्दल. ॲनमारी हायडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलाभोवतीची हवा गोळा करून तिची फोड केली. कोळ्याच्या तावडीत सापडलेली मधमाशी मरताना जो वास सोडते, त्यातली द्रव्यं या फुलात निघाली. डेस्मोमेटोपा नावाच्या काही चिलटाएवढ्या माश्या असतात. कोळी मधमाशीला खात असला की या तिथं पोचतात आणि ठिबकणारा रस चोरून पितात. फुलानं नेमकं त्यांचं आमंत्रण लिहिलं होतं. चार द्रव्यांचं मिश्रण करून ठेवलं तर फूल नसतानाही माश्या आल्या. त्या चारांत एक जिरॅनिऑल.

म्हणजे जो रेणू तुर्कस्तानात गुलाब म्हणून विकला गेला, तोच इथं ‘मधमाशी मरतेय, या’ असं सांगतो. रेणूला स्वतःचा अर्थ नसतो. तो कुणाच्या सोबतीनं, किती प्रमाणात आणि कुणाच्या नाकापाशी आला, यावर अर्थ ठरतो. गावोगाव मसाला तोच आणि काळ्या मसाल्याची चव निराळी, तसलाच हा प्रकार.

उत्क्रांतीचं काम इथं दिसतं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर झिजून सह्याद्रीचे माथे तयार झाले. दोन माथ्यांमध्ये दरी, आणि दरीत वेगळंच हवामान. माथ्यावरच्या छोट्या झुडपाला समोरचा डोंगर म्हणजे परमुलूख. अंतर पडलं की भेद पडतो, हे खरं. पण वासावर जगणाऱ्या फुलाला एवढ्या अंतराचीही गरज नसते. एखाद्या विकराच्या (एन्झाइमच्या) घडणीत बारीकसा फरक झाला, मिश्रणात एक द्रव्य कमी किंवा जास्त झालं, की निराळी माशी येऊ लागते. दोन माश्या एकमेकींच्या फुलात जात नाहीत, म्हणून फुलांचे वंश शेजारी राहूनही अलग होतात. युरोपात ऑफ्रिस नावाच्या ऑर्किडमध्ये हे उलगडलं आहे. ती फुलं मादी माशीच्या वासाची नक्कल करतात. नकलेतल्या लांब रेणूत दुहेरी बंधाची जागा सरकली, एवढ्यावर वेगळ्या जातीचा नर येतो. भारतात कंदीलपुष्पाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच फक्त इथल्याच, आणि त्यांतल्या कित्येक महाराष्ट्राच्या घाटांत. एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये देशातल्या कंदीलपुष्पांचा एकत्र आढावा घेतला होता. तेव्हापासून भर पडतेच आहे. विशाळगडावरच्या जातीला २०२३ मध्ये शिवरायांच्या नावानं सेरोपेजिया शिवरायियाना म्हटलं गेलं.

नव्या जातीच्या वर्णनात पाकळीची लांबी मिलिमीटरमध्ये येते, केसांची दिशा येते, रंगाच्या छटा येतात. वासाला जागा मिळालीच तर एखाद्या विशेषणाएवढी. वास्तविक तिथंच तर जात घडते.

अंजनेरीच्या फुलासाठी कुणी काहीच केलं नाही असं नाही. नाशिकच्या वनस्पती-अभ्यासक जुई पेठे यांनी त्याच्या संवर्धनाचं काम केलं. शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात दुर्मीळ कंदीलपुष्पं वाढवली गेली. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः गिधाडांच्या पुण्याईनं. दुसऱ्या बाजूला किल्ल्यावर रस्ता नेण्याचा घाट, ब्रह्मगिरीपासून रोपवेचा प्रस्ताव, पावसाळी शनिवार-रविवारची झुंबड. कंद खायला चालतो, त्यामुळं गुराखी पोरं आणि रानडुकरं तो पूर्वीपासून उकरत आली आहेत. मला त्यांचं फार वाटत नाही. ते फुलाच्या हिशेबात धरलेले होते.

उद्यानातल्या कुंडीत फूल तगतं. पण त्याची माशी कुंडीत लावता येत नाही. कोल्हापूरच्या हवेत वास सुटला तर तो ओळखणारं कुणी आसपास असेल किंवा नसेल. वाघासाठी मोर्चा निघतो, गिधाडासाठी पक्षिमित्र धावतात. दोन-तीन मिलिमीटरच्या, मेलेल्या मधमाशीचा रस चोरणाऱ्या माशीच्या नावानं एखादी पाटीसुद्धा लागणं कठीण.

शिंदळमाकडी.

कंदीलपुष्पाची भाऊबंद. डाल्झेल या स्कॉटिश वनाधिकाऱ्यानं १८६०च्या दशकात जुन्नरजवळच्या डोंगरातल्या या फुलाची नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रीअर याचं नाव दिलं. कड्याच्या कपारीत चिकटलेलं मांसल खोड, त्यावर तांबडी-किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणी. महाराष्ट्राबाहेर नाही.

तिच्या गोतातल्या झाडांनी पानं कधीच टाकून दिली. नुसतं खोड ठेवलं. हिनं पानं ठेवली, पण पावसाळ्यापुरती. १९७७ मध्ये जर्मनीत लांगे आणि झुबर यांनी तिच्यात दोन कारभार एकत्र नांदत असल्याचं दाखवलं. पानं साध्या रोपासारखी दिवसा हवा घेतात. खोड मात्र निवडुंगासारखं रात्री हवा घेतं, तिचं मॅलिक आम्ल करून साठवतं आणि दिवसा दारं लावून ते वापरतं, म्हणजे पाणी उडत नाही. चार महिने धो धो आणि आठ महिने ठणठणाट अशा मुलखाला दिलेलं हे उत्तर आहे. पहाटे खोड आंबट, दुपारनंतर आंबटपणा उतरलेला.

हे मॅलिक आम्ल आपल्याला अनोळखी नाही. हरभऱ्याच्या कोवळ्या पानावरची आंब मुख्यतः त्याची असते. रात्री शेतावर पातळ फडकं पसरायचं, सकाळी दवासकट पिळून बाटलीत भरायचं; पोटदुखीवर द्यायला ती आंब घरात असायची. या यादीत तिचीही नोंद करावी लागते. हरभरा आहे, दव आहे, फडकीही आहेत; पसरणारं कुणी नाही.

शिंदळमाकडीची एक गंमत अशी, की फांदी तोडून लावली तर ती जगते. शौकीन लोकांच्या गच्चीत ती आहे, परदेशातल्या काचघरांत आहे. कपारीत मात्र शोधावी लागते. फांदीपासून वाढवलेली सगळी रोपं एकाच मूळ झाडाची नक्कल. माशीनं केलेली उलथापालथ त्यांत नाही.

तिची दुसरी बहीण माकडशिंगी. दुष्काळी मुलखात पोरं आणि गुराखी ती मीठ लावून कच्ची खात, भूक मरते म्हणून. तिच्यातल्या प्रेग्नेन ग्लायकोसाइड गटाच्या द्रव्यांवर आता वजन उतरवण्याच्या कॅप्सूल निघतात. अन्न नसलेल्यांची युक्ती अन्न जास्त झालेल्यांच्या कामी आली.

तेरडा.

मुबलक आहे, यादीत यायचं कारण नाही. पण त्याच्या पाकळ्या वाटून नखं रंगवणाऱ्या मुली नाहीत. मेंदी रंगते ती लॉसोन नावाच्या द्रव्यामुळं. ते तेरड्यातही असतं. त्याचा चुलतभाऊ इम्पेशन्स लॉयाय फक्त सह्याद्रीत. बस्स.

निळवंती.

पावसाळा सरताना उत्तर सह्याद्रीच्या माथ्यांवर उमलणारी निळी, शेपटीवाली फुलं. ही डेल्फिनियम. तिचं सगळं नातंगोतं हिमालयात आणि त्यापलीकडच्या थंड मुलखांत. ही एकटी इथं बेसाल्टवर राहिली आहे. वचनाग हा याच कुळातला. या घराण्याची ख्याती निळाईपेक्षा विषासाठी जास्त. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत डेल्फिनियम खाऊन गुरं मरतात, कारण त्यातली अल्कलॉइडं मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतात. तिथले पशुपालक रोपाचं वय पाहून गुरं सोडतात. कोवळ्यात विष जास्त, बी धरताना कमी.

विष म्हणजे रोपाचा खर्च असतो, आणि हा हिशेब दुर्मीळ फुलांबाबत सहसा कुणी मांडत नाही. अल्कलॉइड बनवायला नत्र लागतं आणि माथ्यावरच्या उथळ मातीत त्याचीच वानवा. ते पानाला द्यावं, फुलाला, की बचावाला? चरणारं जनावर नसेल तर बचाव हा नुसता दंड. म्हणून निळवंतीच्या माथ्यावरून चराई पूर्ण उठवावी असं कुणी म्हणालं की मी लगेच मान डोलवत नाही. उंच गवत माजून तिचा उजेड अडला, तर विष असूनही ती हरते. गुरांचं तोंड गवताला लागणं तिच्या सोयीचं असू शकतं.

कळलावी आणि नरक्या.

ही दोन्ही प्रदेशनिष्ठ नाहीत, आणि नरक्या तर झाड. तरीही दोघांना इथं ठेवलं, कारण द्रव्य कळल्यावर काय होतं ते त्यांच्यावरून दिसतं.

कळलावीच्या कंदात-बियांत कोल्चिसीन. पेशी दुभंगताना जे धागे गुणसूत्रं ओढतात, ते हे द्रव्य जुळूच देत नाही. १९३७पासून वनस्पती-पैदाशीत गुणसूत्रांची दुप्पट करायला ते वापरलं जातं. संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणूनही. ही विद्या जवळपास एकाच कुळाकडं आहे. त्याच कुळातलं इफिजेनिया स्टेलाटा हे जांभळी चांदणी असलेलं बोटभर रोप आपल्या पठारांवर पहिल्या पावसात येतं आणि बघता बघता जातं. कळलावीला बाजार आहे, म्हणून तिची शेतीही होते. चांदणीला बाजार नाही, एवढंच तिचं संरक्षण.

नरक्याची गोष्ट जास्त बोचरी. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं, कर्करोगाच्या पेशींना रोखणारं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. हे काम मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातलं. पुढं त्यापासून औषधं निघाली, माणसं वाचली, आणि घाटातला नरक्या कुऱ्हाडीखाली गेला. लाकडाचे तुकडे पोत्यांतून रवाना झाले. त्या झाडाच्या नावातच त्याचा वास आहे. दुर्गंधामुळं लोक शतकानुशतकं त्याच्यापासून लांब राहिले होते. रसायनशास्त्रानं ती ढाल काढून घेतली.

एक तपशील मात्र सांगण्याजोगा. कॅम्प्टोथेसिन पेशीतल्या एका अत्यावश्यक विकराला अडकवतं. तो विकर वनस्पतींतही असतो. मग हे विष बनवणारी झाडं स्वतः कशी मरत नाहीत? २००८ मध्ये दिसलं, की अशा वनस्पतींनी त्या विकरातले मोजके दुवे बदलून घेतले आहेत. विष त्यांना धरत नाही. विष आणि त्याची तोड एकाच घरात, एकमेकांच्या धाकानं वाढलेली.

भरती.

यादीत वजाबाकीच नाही, बेरीजही आहे. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं; आता कॅम्पात असा रस्ता दाखवा जिथं ते नाही. त्यातलं पार्थेनिन शेजारच्या रोपाची वाढ खुंटवतं आणि माणसाच्या कातडीवर चट्टे उठवतं. नारिंगी-पिवळा कॉसमॉस घाटरस्त्यांना पसरतो आणि लोक त्यात उभं राहून सेल्फी काढतात, रानफुलं म्हणून.

तिसरी उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया. टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून तिची रोपं लावली गेली. पानांत कूमरिन, ते आंबलं की रक्त गोठू न देणारं द्रव्य होतं, म्हणून उंदरांवर मात्रा. कंदीलपुष्पाच्या माळावर जून महिन्यात शाळेची मुलं नेऊन खड्डे खणायचे आणि ग्लिरिसिडिया लावायचा, या पुण्यकर्माइतकं नुकसान गुराख्यांनी कधी केलं नसेल. गवताळ माथा म्हणजे ओसाड जागा, ही समजूत वनखात्यापासून हौशी मंडळांपर्यंत सगळ्यांची आहे. झाड लावलं की छायाचित्र पेपरात येतं.

वास पकडण्याची रीत.

फुलावर ओव्हनमध्ये चालणारी प्लॅस्टिकची पिशवी हलकेच बांधतात. पिशवीतली हवा बॅटरीवरच्या लहान पंपानं एका नळीतून ओढतात. नळीत वास शोषून धरणारी भुकटी असते. नळी प्रयोगशाळेत तापवली की वास सुटतो आणि यंत्र त्याचे घटक एकेक करून अलग दाखवतं. फूल तोडावं लागत नाही. पंप हाताच्या पंजाएवढा. अशी यंत्रं महाराष्ट्रात विद्यापीठांत आहेत, दारूच्या आणि मसाल्याच्या कारखान्यांतही आहेत. नाशिकची वाईन तिच्या वासासाठी यंत्रात जातेच. अडचण आहे ती पावसाची. अंजनेरीवर फूल येतं तेव्हा ढग माथ्यावर बसलेले असतात, ओली हवा भुकटीला लागते आणि नोंद बिघडते. दोन पावसांमधली उघडीप साधावी लागते, आणि त्याच तासाला फुलानं वास सोडलेला असावा लागतो.

नरक्याचं आठवून इथं हात थोडा आखडतो. पण कंदीलपुष्पाचा वास कळल्यानं त्याला भाव येईल असं वाटत नाही. मरत्या मधमाशीच्या वासाचं अत्तर कोण घेणार? भाव येतो तो कंदाला. त्यासाठी रसायनशास्त्र लागत नाही, कुदळ पुरते.

माशी ओळखणारा माणूस.

वास सापडला तरी निम्मं काम. सकाळी फूल उभं चिरून आतली माशी काढायची, भिंगाखाली धरायची आणि तिचं नाव सांगायचं. पंखातल्या शिरा, डोक्यावरचे केस, सोंडेची घडी, यावरून जात ठरते. फुलांची नावं सांगणारे नाशकात आता बरेच आहेत. दर पावसाळ्यात मोबाइलवर गट तयार होतात, चुकीचं नाव टाकलं की दहा जण दुरुस्त करतात. पक्ष्यांची, फुलपाखरांची तीच गोष्ट. या चिलटांची नावं सांगू शकतील अशी माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी असतील, त्यांतली काही निवृत्तीला आलेली, आणि ही विद्या शिकायला पोरं येत नाहीत कारण तिच्यावर नोकरी नाही. या यादीत त्यांना कंदीलपुष्पाच्याही वर लिहायला हवं होतं.